झाडाला जामीन

सोट्याचा पहिला फटका बसला तरी झाड काही करत नाही. दुसऱ्या-तिसऱ्याला पानं गळतात. मग साल फाटते, आणि साल फाटली की तो वास सुटतो. संत्रं सोलताना डोळ्यांत बारीक तुषार उडतो ना, तसा कडसर, गोड, थंडगार वास. सरांगधारच्या अख्ख्या उतारावर तो पसरतो. मग खालच्या टप्प्यांवरच्या बाया दारं उघडून उभ्या राहतात आणि पोरांना म्हणतात, "घ्या, छाती भरून घ्या. यंदाही वाचलो."

मंजूषा खेरडेला त्या वासाची चीड होती. तो तिच्याच झाडांच्या अंगातून निघायचा ही एक गोष्ट. पण खरी चीड याची होती की तो तिला आवडायचा. डोळे मिटले की हिमालयातला तो बोडका डोंगर नाहीसा व्हायचा आणि वरूडचा संत्राबाजार उभा राहायचा. आंबिया बहाराचे ढीग, गवताचे थर घालून भरलेल्या पेट्या, हर्रास पुकारणाऱ्याचा बसका आवाज, आणि बापाच्या सदऱ्याचं टोक धरून चालणारी ती. बापाच्या बोटांना बारा महिने हाच वास असायचा. आता तो मारहाणीचा वास झाला होता.

गेल्या हिवाळ्यात वरच्या टप्प्यावरचं शेवटून दुसरं झाड असंच मारलं गेलं होतं. गावचे पुरुष पाळीपाळीनं मारत होते. एकाचा दम संपला की दुसरा सोटा उचलायचा. साल चिंध्यांसारखी लोंबायला लागली, आतलं ओलं पांढरं लाकूड उघडं पडलं, तरी कोणी थांबलं नाही. पहाटे त्या जखमांत बर्फ शिरला आणि बुंधा बंदुकीचा बार व्हावा तसा उभा फुटला. आवाजानं ती अंथरुणात उठून बसली होती.

आता वरच्या टप्प्यावर एकच झाड उरलं होतं. सगळ्या झाडांची आई.

संत्रं हे मुळात लाडावलेलं झाड. त्याला ऊन लागतं, काळी माती लागते, थंडी लागते तीही बेतानं. कडाक्याच्या थंडीत पेशीतलं पाणी गोठतं, गोठताना फुगतं आणि पेशी आतून फुटते. सकाळी पान हिरवं दिसतं, दुपारपर्यंत शिजवलेल्या पालकासारखं काळं पडतं. पण संत्र्याचा एक दूरचा, रानटी भाऊबंद आहे. एका देठाला तीन पानं, बोटभर लांब काटे आणि तोंडात धरवत नाही असं कडू फळ. थंडी येतेय असं कळलं की हे तीनपानी झाड पेशीतलं पाणी हळूहळू बाहेर काढतं आणि आतला रस साखरेनं दाट करतं. मग बर्फ होतो तो पेशींच्या मधल्या फटीत, पेशी शाबूत राहते. या दोघांचा संकर करायचा आणि गोडी पहिल्याची आणि थंडी सोसायची ताकद दुसऱ्याची घ्यायची, यात माणसांची शंभर वर्षं गेली. फळं एक तर कडू निघायची, नाही तर झाडं मरायची.

मंजूषाचा बाप वरूडकडचा नामांकित पन्हेरीवाला. पन्हेरी म्हणजे कलमांची रोपवाटिका. त्या भागात उन्हाळे असे तापू लागले की विहिरींचे तळ दिसले, आणि बागा उभ्याउभ्या वाळल्या. मंजूषा तेव्हा कृषी विद्यापीठातून शिकून सरांगधारच्या संशोधन केंद्रावर लागली होती. बापाच्या बागेतलं शेवटचं झाड शेवटचं फुललं तेव्हा त्याचे पराग तिनं बर्फाच्या डबीत घालून डोंगरावर आणले आणि डॉक्टर छेरिंग नेगींच्या तीनपानी संकरावर टाकले. हजारो रोपं उगवली. गोड निघालं एकच. तिनं ते केंद्राच्या वर, डोंगराच्या धारेवर स्वतःच्या जागेत लावलं. पहिलं फळ तिनं बापाला नेऊन दिलं. त्यानं सोललं, फोड तोंडात टाकली, बराच वेळ चघळली आणि म्हणाला, "माह्यंच हाये. पण यानं स्वेटर घातला."

तोच त्याचा शेवटचा विनोद.

त्या एका झाडाचे डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, बांधून डोंगरभर कलमं झाली. सफरचंदाला पुरेशी थंडी मिळेनाशी झाली होती. त्या बागा तोडून लोकांनी संत्रं लावलं. मंजूषाचा पाठचा भाऊ हेमराजही बायको-पोरी घेऊन वर आला आणि खालच्या टप्प्यावर स्थिरावला. मात्र एक अडचण राहिली. पूर्वी थंडी पायरीपायरीनं उतरायची, झाडांना तयारीला सवड मिळायची. आता शरद ऋतू उबदार जायचा आणि मग एका रात्रीत कडा कोसळावा तशी थंडी अंगावर यायची. झाडं बेसावध मरायची.

त्यावरचा उपाय सापडला तो हेमराजच्या चुकीतून.

त्यांच्या घरची एक रीत होती. झाड फळावर येत नसलं की बाप पोरांना बागेत न्यायचा. हेमू कुऱ्हाड घेऊन दरडावायचा, "येतं का फळावर, का घालू कुऱ्हाड?" मंजू झाडाला कवळ घालून म्हणायची, "राहू द्या मालक, औंदा येईल. मी जामीन." मग हेमू कुऱ्हाड उलटी करायचा आणि तिचा बोथट माथा बुंध्याला नुसता टेकवायचा. सगळे हसत घरी. सरांगधारला आल्यावर एका सुगीत, दोन घोट पोटात गेलेल्या हेमराजला ही रीत आठवली. वरच्या टप्प्यावरच्या एका वांझ झाडासमोर त्यानं खेळ मांडला. बहीण जामीन राहिली. पण हेमराज कुऱ्हाड उलटी करायला विसरला. एकदा धार बसली, आणि मग कोण जाणे काय संचारलं, तो मारतच सुटला. त्याच रात्री थंडी कोसळली. मार खाल्लेलं झाड मेलं. पण त्याच्या खालच्या उतारावरचं एकही झाड मेलं नाही.

डॉक्टर नेगींनी महिनाभर यंत्रं लावून शोध घेतला. जखमी झाड हवेत एक वाफ सोडतं. शेजारची झाडं तिला पानांनी हुंगतात आणि काही तासांत, थंडीची वाट न पाहता, कडक होऊन बसतात. दिवस मावळला की थंड हवा जड होऊन उतारानं खाली वाहते आणि वाफही सोबत नेते. म्हणून मार वर बसायला हवा, म्हणजे खालचे सगळे वाचतात. वाफ बाटलीत धरायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. ती बाटलीत शिळी व्हायची, झाडं तिला फसायची नाहीत. "हे लोकांना सांगायला नको होतं मी," असं त्या नंतर म्हणाल्या. तोवर उशीर झाला होता. त्यांनी मारहाणीला विरोध केला तेव्हा गावानं त्यांचं काचघर दगडांनी फोडलं.

दर वर्षी वरच्या टप्प्यातलं एक मोठं झाड, असा बागायतदारांच्या सोसायटीचा नियम झाला. वरच्या एका मोठ्या झाडानं जे भागतं त्यासाठी खाली पंचवीस कलमं मारावी लागतात, असा सोसायटीचा हिशेब होता. चुकीचा नव्हता. वरचा टप्पा मंजूषाचा होता, एवढंच.

"बाई, हायेस का घरात?"

हेमराज दारात उभा होता. हातात भाकरीची थैली, खांद्यावर घोंगडी. दुपार कलत होती.

"आज उणे चौदा सांगून राह्यले," तो बसत म्हणाला.

"माह्या गुडघ्याले कालच समजलं."

तो हसला नाही. भाकर तिच्यापुढे सरकवली. "सोसायटीची सभा झाली."

"माह्या झाडाची सभा माह्याबिगर?"

"तू आली असती तर भांडली असती."

"हाव. म्हणूनच बोलावलं नाही."

हेमराजनं खिडकीतून वर पाहिलं. धारेच्या पूर्व कडेला आईझाड उभं होतं, पिवळ्या दिव्यांनी भरावं तसं फळांनी भरलेलं. "अव बाई, आयकून घे. खाली जेवढी झाडं उभी हायेत, सारी याचेच डोळे बांधून झाली. रक्त एकच. हे मेलं तरी मरत नाही."

"तुह्या तीन पोरी हायेत ना? रक्त एकच. दे एक."

हेमराजचा हात उठला. तिच्या गालापासून वीतभर अंतरावर तो थांबला. दोघंही त्या हाताकडे पाहत राहिली, जणू तो तिसऱ्याच कुणाचा होता.

"पाह्य," मंजूषा हळूच म्हणाली. "पह्यले असा उठत नव्हता. हाताले सवय लागते, हेमू. गावात कोणत्या घरी लागली नाही, सांग बरं. सोसायटीच्या सुखदासनं परवा कुत्रं मारलं. का, तर ते आडवं आलं."

हेमराजनं हात मांडीखाली दाबून धरला. "मायी बाग गेली तर मी कोठी जाऊ? वरूडले? तिथं काय हाये आता, धूळ?" त्यानं खिडकीकडे बोट केलं. "ते झाड आपल्या बुढ्याचं हाये म्हणून तू धरून बसली. म्या नोहो का बुढ्याचा?"

तो गेल्यावर तिनं फाटकाला साखळी घातली, आतून लाकडं रचली आणि बापाचा कलमाचा चाकू कमरेला खोचून झाडाखाली जाऊन बसली.

दिवस डोंगराआड जायच्या बेतात होता तेव्हा गाव वर आलं. पुढे सोसायटीचा अध्यक्ष सुखदास, मागे सोटे घेतलेले पंधरा-वीस पुरुष.

"दीदी, फाटक उघडा," सुखदास म्हणाला. "फळं आधी उतरवून देतो. तुमच्या घरात ठेवतो. आम्ही काही जनावरं नाही."

"परत जा."

"दीदी, माझी सून पोटुशी आहे. ही बाग गेली तर मी तिला काय तुमच्या झाडाची गोष्ट खायला घालू?"

"आणि पुढच्या साली कुणाला मारशील? माझा टप्पा संपला. मग दुसऱ्याचा. मग तुझा."

"पुढचं पुढे," मागून कोणीतरी ओरडलं. "सूर्य चाललाय!"

फाटक हललं नाही. तेव्हा ते वळसा घालून पश्चिमेच्या बाजूला गेले. तिथे नाळेकडून, म्हणजे पलीकडच्या घळीतून, वर येणारी पायवाट होती आणि वाटेला फाटक नव्हतं, नुसतं कुंपण. संकर करताना उरलेलं तीनपानीचं बी मंजूषानं माकडं आवरायला धारेवर चारी बाजूंनी टोचलं होतं. त्याची आता डोक्याएवढी भिंत झाली होती. तिच्या कडू फळांना कोणी हात लावत नसे. कोयते चालू लागले. काटे कपड्यांत, दंडांत, गालांत घुसत होते. एक जण किंचाळला, डोळा धरून खाली बसला. बोटांमधून रक्त ओघळलं. बाकीचे आणखी चवताळले. फांदीला फांदी तुटत होती, हिरवे काटे उडत होते, शिव्या आणि कोयते एका तालात पडत होते.

भिंतीला भगदाड पडलं. मंजूषा झाडाला पाठ लावून उभी राहिली. पहिला जो आला त्याच्या तोंडावर तिनं माती फेकली, दुसऱ्यानं तिचा दंड पिरगळून तिला खाली लोटलं. तिचं डोकं मुळावर आपटलं. कानात पाणी शिरावं तसा सगळा आवाज लांब गेला. आणि मग वर हेमराज दिसला. चेहरा काट्यांनी ओरबाडलेला, हातात कुऱ्हाड.

"थांबा," तो बाकीच्यांना म्हणाला. "माह्या घरचं हाये. म्या करतो."

सोटे थांबले. हेमराज झाडासमोर पाय रोवून उभा राहिला. तो झाडाशी बोलत होता की बहिणीशी, ते त्यालाही माहीत नसावं.

"येतं का फळावर," तो म्हणाला, "का घालू कुऱ्हाड?"

झाड फळांनी वाकलं होतं. मंजूषानं गुडघ्यावर उठून बुंध्याला कवळ घातली. ओठातलं रक्त गिळलं.

"राहू द्या मालक. मी जामीन."

कुऱ्हाड हवेत होती. क्षणभर तिला तिचा बोथट माथा वळताना दिसला, अगदी स्पष्ट. खाली कुठेतरी हेमराजची धाकटी पोर "बाबा" म्हणून हाका मारत होती. कुऱ्हाड पुन्हा वळली.

धार तिच्या डोक्याच्या वर हातभर अंतरावर बुंध्यात रुतली. चीक तिच्या केसांवर उडाला. त्यानं कुऱ्हाड उपसली आणि पुन्हा घातली, पुन्हा घातली, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी सोटे पडू लागले. फळं टपाटप तिच्या पाठीवर पडत होती, पायाखाली फुटत होती. तो वास सुटला. आणि मंजूषाच्या हाती चाकू आला. कलमाचा चाकू लहान असतो, पण केस उभा चिरेल इतका धारदार. तिनं तो भावाच्या उजव्या मनगटावर ओढला. कलमाचा डोळा काढताना ओढतात तसाच, आतून बाहेर, एका दमात.

कुऱ्हाड खाली पडली. हेमराज आपल्या हाताकडे पाहत राहिला. बोटं त्याचं ऐकत नव्हती.

"बाई," तो लहान पोरासारखा म्हणाला, "हे काय केलं व?"

पहाटे आईझाड फुटलं. मंजूषानं तो बार उघड्या डोळ्यांनी ऐकला. उजाडल्यावर ती बाहेर आली. डोकं बांधलेलं, एक डोळा सुजून मिटलेला. बुंधा वरपासून खालपर्यंत चिरला होता आणि चिरेत बर्फ काचेसारखा चमकत होता. खाली पूर्वेचा उतार मात्र हिरवागार उभा होता. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते.

ती तिकडे पाठ करून पश्चिमेकडे वळली. कारण दुसरं काही नाही, आनंद पाहवत नव्हता. आणि तिथे ती थबकली.

पश्चिमेच्या नाळेत मागाहून आलेल्या चार घरांची कलमं होती. आईझाडाची वाफ पूर्वेला उतरायची, नाळेत कधी पोचत नसे. दर हिवाळ्यात तिथली झाडं जळायची, दर उन्हाळ्यात ती माणसं नवी लावायची. आज ती सगळी हिरवी होती. एकही पान काळं नव्हतं. तिनं वळून कुंपणाकडे पाहिलं. कालच्या घावांच्या जागा कोरड्या होत्या, बर्फ कुठे शिरलाच नव्हता. तोडलेल्या फांद्यांखाली हिरव्या काड्या जशाच्या तशा होत्या. तीनपानीला उणे चौदाचं काय कौतुक? मार खाऊन मरायचं ते तिच्या रक्तातच नव्हतं.

डॉक्टर नेगी धापा टाकत वर आल्या. मंजूषानं बोट दाखवलं. त्यांनी कुंपणाची तुटकी काडी मोडून हुंगली आणि हळूहळू खाली बसल्या.

"तेच," त्या म्हणाल्या. "तीच वाफ. मी वीस वर्षं फळ देणारी झाडं तपासली, मंजूषाजी. कुंपण कधी तपासलं नाही."

"मीही नाही."

हेमराजला खालच्या दवाखान्यात ठेवलं होतं. शिरा जोडल्या होत्या, बोटं वळणार नाहीत असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं. पोलिसाला त्यानं काट्यानं चिरलं असं सांगितलं. मंजूषा खाटेशेजारी बसली आणि तिनं त्याला नाळेतलं सगळं सांगितलं. तो छताकडे पाहत ऐकत होता.

"म्हणजे पूर्वेच्या कुंपणाले हाणलं असतं तरी भागलं असतं."

"हाव."

"मंग माहा हात फुकटच गेला म्हण."

"झाडबी."

छतावरून नजर काढून तो म्हणाला, "कुऱ्हाड म्या उलटी केली होती, बाई."

"पाह्यलं म्या."

"पोरीनं हाक मारली."

"आयकली." तिनं भाकर मोडून त्याच्या डाव्या हातात दिली.

पुढच्या सुगीत गाव पुन्हा वर आलं. या वेळी फाटक उघडं होतं. बाया होत्या, पोरं होती, कोणी ढोल आणला होता. गेल्या वर्षी डोळा गेलेला माणूसही दुसऱ्या डोळ्यानं हसत होता. कुणाचं झाड मरणार नव्हतं. आईझाडाचा वाळका बुंधा तिनं तोडू दिला नव्हता. लोक त्याला वळसा घालून कुंपणापाशी गेले. तीनपानी फळांवर आली होती, सुपारीएवढी पिवळी, लव असलेली, कडू फळं. तिलाही फळं येतात, हे इतकी वर्षं कोणी जमेसच धरलं नव्हतं.

"दीदी, तुमच्या घरची रीत होऊन जाऊ द्या," सुखदास म्हणाला. "शुभ असतं."

हेमराजनं कुऱ्हाड डाव्या हातात घेतली. उजव्याची बोटं पक्ष्याच्या मेलेल्या पायासारखी मिटलेली. तो कुंपणासमोर उभा राहिला.

"येतं का फळावर, का घालू कुऱ्हाड?"

पोरं खिदळली. हेमराज बहिणीकडे पाहू लागला. सगळेच पाहू लागले. ढोल थांबला. चार शब्द म्हणायचे आणि कुऱ्हाडीचा बोथट माथा टेकायचा, मग बाकीच्यांनी कामाला लागायचं, एवढंच होतं. मंजूषानं त्या काटेरी भिंतीकडे पाहिलं. हिच्या आडोशानं ती इतकी वर्षं राहिली होती. हिला कधी पाणी घातलं नव्हतं, हिचं फळ कधी चाखलं नव्हतं. शब्द जिभेवर होते. ते बाहेर आले नाहीत.

"हाण," ती म्हणाली. "उलटी नको. धारेनं हाण."

हेमराजनं मान खाली घातली आणि डाव्या हातानं वेडावाकडा घाव घातला. मग कोयते चालू झाले. वास सुटला, थंडगार, कडसर, आणि बापाची बोटं, पेट्यांतलं गवत, हर्रासाचा बसका आवाज, सगळं एका श्वासात तिच्या छातीत शिरलं. तिनं शेजारच्या बाईच्या हातातला कोयता घेतला. पहिला घाव तिनं जपून घातला. दुसरा जरा जोरात. मग काटे मनगटाला ओरबाडू लागले तरी तिला कळेना. वास हवा होता, आणखी हवा होता, आणि तो फक्त याच वाटेनं येत होता.

दिवस बुडाला. एकेक कोयता थांबला. उतारावरून हवा खाली वाहू लागली.

"दीदी, पुरे," सुखदास म्हणाला. मग जरा घाबरून, "दीदी? पुरे झालं."

हेमराजनं पुढे होऊन आपल्या अधू हातानं तिचा दंड धरला. मिटलेल्या बोटांना पकड नव्हती. तिचा हात त्यातून सुटला, आणि पुन्हा उठला.